विषय कोण ठरवणार?

मला पीएच.डी.चा विषय मिळाला. मी निवडला नव्हता, मिळाला. रेशनच्या दुकानात तांदूळ मिळतो तसा. आज हा आलाय, घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढचा नंबर.

गाईडसाहेब तसे भले गृहस्थ. खुर्ची दिली, चहा पाजला. मी वही उघडली. तिच्यात मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं: भिवंडीच्या यंत्रमागांवरची बोली. साहेबांनी वही बघितली नाही, मला बघितलं. आडनाव तर आधीच बघून झालं होतं. म्हणाले, "तुमच्याकडे अनुभवाचं भांडवल आहे. दलित आत्मकथनांवर करा. तुमच्या लोकांच्या विषयाला तुमच्याइतका न्याय कोण देणार?"

बाहेर आलो तर माझ्या आधी आत गेलेला मुलगा जिन्यात भेटला. त्याला त्याच साहेबांनी, त्याच खुर्चीत बसवून विचारलं होतं, "तुम्हाला कशात रस आहे?" त्याला रस विचारला. मला जात विचारायचीही गरज पडली नाही. ती धरूनच चालले आणि तिच्यातून माझा रस काढून मोकळे झाले. चरकातून उसाचा काढतात तसा.

दोस्तांनो, गैरसमज नको. आत्मकथनं म्हणजे आमची हाडं आहेत. ज्याला त्यांच्यावर लिहायचंय त्यानं लिहावं, हजार प्रबंध लिहावेत, तरी पुरे व्हायचे नाहीत. माझा सवाल एवढाच की ते मी मागितलं होतं काय? भांडवल माझं आणि धंदा कुठला करायचा ते तुम्ही ठरवणार, हा कुठला हिशेब?

माझा विषय काय होता ते सांगतो, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

आजा १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून भिवंडीत आला. गाठोड्यात भाकरी होती म्हणे, ती कसाऱ्याच्या आधीच संपली. बाप पंधराव्या वर्षी कारखान्यात लागला. भिवंडीत कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडखाली दाटीनं मांडलेले वीस-चोवीस माग. बारा तासांची पाळी, पैसे मीटरवर. माग बंद तर मजुरी बंद, लाईट गेली तर मजुरी गेली. चोवीस माग एकदम खडखडायला लागले की खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग माणसं बोलतात कशी? बोटांनी बोलतात, भुवईनं बोलतात. धागा तुटला याची एक खूण, कांडी संपली याची दुसरी, शेठ आला याची तिसरी. पाळी सुटल्यावर भिशीत जेवायला बसली की जी बोलतात ती आणखी वेगळी भाषा. आझमगढचा अन्सारी, करीमनगरचा पद्मशाली आणि जालन्याचा माझा बाप एकाच मागाबद्दल तीन मुलखांचे शब्द शिवून बोलतात. गोधडीच म्हणा. धोटा, कांडी, बीम, ताणा, बाणा, तागा यांच्याभोवती शिव्या, विनोद, प्रेमाचे इशारे, मालकाची टिंगल असं केवढंतरी जमलंय. आता बिनधोट्याचे माग यायला लागलेत. धोटा गेला की त्याच्याभोवतीचे शब्द जाणार, आणि ते कुणी लिहून ठेवले होते काय असं उद्या विचारलं तर उत्तर नसणार.

बाप घरात ओरडून बोलतो. त्याला वाटतं तो हळू बोलतोय. चाळीस वर्षं कानात माग चाललाय.

साहेबांच्या मते हा 'आमच्या लोकांचा' विषय नव्हता. माझ्या बापाचं तोंड आणि माझ्या बापाचे कान माझ्या लोकांचे नाहीत, तर मग कुणाचे?

मी नाही म्हणालो. वर्ष गेलं. दुसरा गाईड शोधायला आणखी सहा महिने गेले. तेवढ्यात फेलोशिपची एक जाहिरात येऊन गेली, तीही हुकली. नाही म्हणण्याचं भाडं असं भरावं लागतं.

*

आम्ही भिवंडीत सहा जण आहोत. सहा फेलो, किंवा फेलो व्हायला निघालेले. रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या विहारात बसतो. घरात टेबल नाही, टेबल ठेवायला जागा नाही, आणि बाहेर मागाचा आवाज. गावात कॉलेजं आहेत, पण विद्यापीठ नाही. मध्य रेल्वेची मुख्य लाईनसुद्धा भिवंडीला वळसा घालून ठाण्याहून कल्याणला निघून गेली. भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे, ते वसई-दिवा मार्गावर. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं म्हणजे कल्याण नाक्यापर्यंत चालत, पुढं शेअर रिक्षा, मग कल्याणहून लोकलला लोंबकळत कुर्ला, तिथून परत बस, की आलं कालिना. जाऊन येऊन पाच तास. पुस्तकासाठी रोज पाच तास, आणि त्या पाच तासांत पुस्तक उघडायला हात मोकळा नाही.

आम्हा सहांचे विषय ऐका.

एक कातकरी पाड्यावरचा आहे. त्याची आई खाडीकडच्या वीटभट्टीवर विटा थापायची. भट्टीवर हजार विटांवर दर असतो. आठवड्याला खर्चायला खावटी मिळते आणि हंगाम संपला की मालक वहीत बघून हिशेब सांगतो. वहीत कायम कातकऱ्याकडेच बाकी निघते. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी उचललेल्या पैशापायी माणूस आयुष्यभर राबायचा, त्याला लग्नगडी म्हणायचे. तो शब्द ज्या घरात जगला त्या घरातलं हे पोर. त्याचा विषय असा: अक्षर न येणाऱ्या बाया विटांचा हिशेब डोक्यात कसा ठेवतात? कोळशाच्या रेघा, खडे, पदराच्या गाठी. मालकाच्या वहीसमोर बाईची वही. समितीनं त्याला काय सुचवलं? आदिवासी नृत्य. आदिवासी म्हटला की यांच्या कानात तारपा वाजायला लागतो.

एक मोमीन घरातली मुलगी आहे. तिला भिवंडीच्या मुशायऱ्यांवर काम करायचंय. दिवसभर माग चालवून रात्री शेर म्हणणाऱ्या माणसांवर. कुठल्या शायराच्या गझलेत मागाचा ठेका येतो, हे ती बोटानं जमिनीवर वाजवून दाखवते. तिला सांगितलं गेलं की तिहेरी तलाकवर करा, तातडीचा विषय आहे. ती म्हणाली, तातडी तुम्हाला आहे. मग मौलाना आझाद फेलोशिपकडे तिचे डोळे लागले. २००९ साली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही फेलोशिप २०२२-२३ पासून केंद्र सरकारनं बंद केली. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगून टाकलं की इतर योजनांत हेही विद्यार्थी बसतात, म्हणून ही नको. तिचा नंबर लागायच्या आत रांगच मोडली.

एक जण कामवारी नदीचं पाणी बाटल्यांत भरून नेतो. रसायनशास्त्राचा आहे. कुठल्या नाल्यातून कुठला रंग नदीत उतरतो, सायझिंगच्या सांडपाण्यात काय असतं, हे तो मोजतो. त्याच्या विषयाला कुणी हरकत घेतली नाही. नुसतं यंत्र वापरायला मिळत नाही. चार महिन्यांनी त्याचा नंबर येतो, तोवर बाटलीतलं पाणी बाटलीतच.

एक जण गोदामांवर प्रबंध लिहितो आणि गोदामातच रात्रपाळी करतो. नाशिक हायवेच्या बाजूनं, मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, जिथं भातखाचरं होती तिथं आता गोदामांचे पत्रे. अख्ख्या मुंबईनं बोटानं मागवलेली वस्तू इथून सुटते. हा रात्री माल उचलतो, दिवसा त्या उचलण्यावर लिहितो. आणि फुटलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर कोळशानं चित्रं काढतो. पुठ्ठा भिजलेला असला तर चित्र फुगतं, तेही तो तसंच ठेवतो. प्रबंधात चित्रं घालू का म्हणून त्यानं विचारलं. परिशिष्टात घाला म्हणाले, छोटी करून.

आणि एक मुलगी गणितात आहे. तिचा विषय गाठी. दोरीच्या, सुताच्या, खऱ्याखुऱ्या गाठी. गणितात त्याचं आख्खं शास्त्र आहे. एका गाठीची दोन टोकं जोडून टाकली, तर ती न कापता दुसऱ्या गाठीसारखी करता येईल काय, हा त्यातला मूळ प्रश्न. दिसायला पोरखेळ, पण उत्तर काढायला भलेभले थकतात. तिला मुलाखतीत विचारलं, "गणित? तुमच्याकडे कुणी आहे का गणितात?" 'तुमच्याकडे' म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत असतं.

बघा आता. कातकऱ्याला नाच, मोमीन पोरीला तलाक, मला आत्मकथन. ज्याची जी जखम दिसते, तीच त्याला विषय म्हणून दिली जाते. जखमेवर लिहायला आमची ना नाही. पण जखम सोडून आमच्या अंगावर बाकी काही नाहीच काय? हात नाहीत, डोळे नाहीत, कुतूहल नाही? सवर्णाचा मुलगा फुलपाखरांवर संशोधन करतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की फुलपाखरांशी तुमच्या समाजाचा संबंध काय.

भिवंडीचंही तेच केलंय. बाहेरून अभ्यासक येतो तो दोनच आकडे खिशात घालून येतो: १९७० आणि १९८४. दंगल. मे १९७० मध्ये जळलं, मे १९८४ मध्ये पुन्हा जळलं. ते खरं आहे, ते विसरायचंही नाही. १९७० वर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे, तो आम्हीही वाचलाय. पण त्या दोन मे महिन्यांच्या मधे आणि नंतर इथं माणसं जगली. कापड विणलं. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या थंड पडल्या तेव्हा त्यांचा माल भिवंडीच्या मागांवर विणला गेला. एका गावच्या कामगाराचा संप दुसऱ्या गावच्या कामगाराच्या हातानं कसा मोडला जातो, हा विषय नाही काय? बाप त्या गोष्टीवर आजही बोलत नाही. मी विचारलं तर माग पुसतात तसं तोंड पुसतो.

*

आता दुसरा दरवाजा. दिल्लीचा.

अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन मजुरांच्या पोरांना परदेशात शिकायला पाठवणारी एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाची. जागा सगळ्या देशात मिळून १२५. या शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या नियमांत एक वाक्य घुसवलं गेलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलचा सामाजिक अभ्यास, असा विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. कारण काय, तर असले विषय देशातच शिकता येतात.

म्हणजे इथला गाईड म्हणतो, तुम्ही तुमच्या लोकांवरच लिहा. आणि दिल्ली म्हणते, परदेशात गेलात तर तुमच्या लोकांवर लिहायचं नाही. वरवर बघता दोन्ही उलट. नीट बघा, एकच आहे. इथं आमच्यावर लिहायचं ते त्यांच्या नजरेखाली, त्यांच्या सहीनं. जिथं त्यांची सही चालत नाही, जिथं शेजारी बसलेल्या निग्रो पोराला जातीचा अर्थ सांगता येईल, तिथं मात्र तोंड बंद. जखम दाखवायची पण घरातच. पाहुण्यांसमोर सदरा घालून बसायचं.

आता हा नियम मागं नेऊन लावून बघा. १९१३ साली बावीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्कला पोचला. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. १९१५ ला त्यानं एम.ए.साठी प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध लिहिला: इतिहास, भारताचा, बाद. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला: समाज, भारताचा, बाद. या नियमानं भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा अर्ज दिल्लीच्या टेबलावरच फेटाळला गेला असता. खाली त्याच्याच फोटोला हार घालून.

आणखी एक उदाहरण घ्या. इलिनॉर झेलियट नावाच्या अमेरिकन बाईंनी आंबेडकर आणि महार चळवळीवर पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रबंध लिहिला, १९६९ साली. त्यांचे आमच्यावर उपकार आहेत, ते मी मानतो. आमची माणसं बोलत होती तेव्हा त्यांनी ऐकलं. पण बघा काय झालंय. त्याच विद्यापीठात बसून, त्याच विषयावर, महाराच्या पोरानं आज भारत सरकारच्या या पैशावर लिहायचं म्हटलं तर नियम आडवा येतो. आमच्यावर जगानं लिहावं. आम्ही जगात बसून आमच्यावर लिहू नये.

आणि बाबासाहेबांनी तिथं काय केलं तेही बघा. जे आम्हाला एकाच खुंट्याला बांधायला निघालेत त्यांच्यासाठी आकडे देतो. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच नि जर्मन या भाषांचा एकेक. भूक होती. ताटात जे असेल ते खाल्लं. १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं. बडोद्यात राहायला घर मिळालं नाही. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० ला पुन्हा लंडन. म्हणजे त्यांच्या संशोधनालासुद्धा तीन वर्षांचं भोक पडलं होतं, पैशाचं. फेलोशिप थांबली की शोध थांबतो, ही गोष्ट आम्हाला कुठल्या अहवालात वाचावी लागत नाही.

*

पैशाचं आलंच आहे तर तेही बोलून घेऊ.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दरानं जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोला दरमहा ३७ हजार, वरिष्ठाला ४२ हजार. हे ऐकून वस्तीतल्या लोकांचे डोळे मोठे होतात. बापाला मी आकडा सांगितला तेव्हा त्यानं तो दोनदा विचारला. मला वाटलं ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. पण दरमहा म्हणजे काय ते त्याला कसं सांगू? माझे आठ महिन्यांचे पैसे अडकले. ज्या कार्यालयातून यायचे तिथं गेलो की एका खिडकीवर फाईल वर गेलीय, दुसऱ्या खिडकीवर फाईल खाली आलीय. फाईलसुद्धा धोट्यासारखी इकडून तिकडं. फरक एवढाच की धोटा फिरला की कापड तरी निघतं. त्या आठ महिन्यांत आईनं पुन्हा कांडी भरायला सुरुवात केली. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं ते काम. पोरगा डॉक्टर होणार म्हणून आई कांडी भरते, आणि पोरगा त्याच कांडीवर प्रबंध लिहितो. हसू नका.

राज्यातही तेच. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२१ च्या तुकडीचे ८६१ जण होते. सरकार म्हणालं, दोनशेंना देऊ. २०२३ साली आझाद मैदानात ही पोरं उन्हात आठवडेच्या आठवडे बसली. लेकरं कडेवर घेऊन बसलेल्या बाया होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात चाळणी परीक्षा ठेवली, तर पेपर निघाला २०१९ च्या सेट परीक्षेचा. संशोधक निवडायची परीक्षा, आणि पेपर काढणाऱ्याला नवा प्रश्न सुचला नाही. आणि त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं की पीएच.डी. करून पोरं काय दिवे लावणार? प्रश्न सारथीच्या विद्यार्थ्यांवरून निघाला होता. म्हणजे तो मराठा-कुणब्यांच्या पोरांनाही लागला. बरं झालं. अंधार सगळ्यांचा एकच आहे, हे त्यांनाही कळलं.

दिवे आम्ही लावू. तेलाचे पैसे आठ महिने अडकवून ठेवू नका, एवढंच.

आणि ज्यांना वाटतं की पैसे उशिरा आले तर काय बिघडलं, त्यांनी १७ जानेवारी २०१६ ही तारीख लक्षात ठेवावी. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला. त्याची दरमहा २५ हजारांची फेलोशिप थांबवली होती, वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. शेवटच्या चिठ्ठीतसुद्धा त्यानं सात महिन्यांच्या फेलोशिपचे एक लाख पंच्याहत्तर हजार यायचे आहेत, असा हिशेब लिहिला. मरताना माणूस हिशेब का लिहितो? कारण त्यातले पैसे त्याला कुणाचे तरी परत करायचे होते. आणि त्याच चिठ्ठीत त्यानं लिहिलं की त्याला लेखक व्हायचं होतं. विज्ञानाचा लेखक. कार्ल सेगनसारखा. ताऱ्यांवर लिहिणारा. आपण मोर्चात त्याचा फोटो धरतो, घोषणा देतो, ते केलंच पाहिजे. पण त्याचे तारे आपण उचलले काय?

*

हा तिसरा दरवाजा. आणि हा आपल्या घराचा आहे, म्हणून जास्त लागतो.

गेल्या १४ एप्रिलला वस्तीत कार्यक्रम होता. आमच्या सहा जणांचा सत्कार ठेवला. शाल, फूल, फोटो. चळवळीतले एक ज्येष्ठ नेते आले होते. नाव सांगत नाही, त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, त्यांच्याबद्दल आदर आहे. प्रत्येकाला विचारत गेले, विषय काय? नदीवाल्याला शाबासकी दिली, गोदामवाल्याला दिली. गाठीवाल्या मुलीपाशी थांबले. म्हणाले, "पोरी, हे समाजाच्या काय कामाचं? समाजाच्या पैशावर शिकतेस, समाजाच्या प्रश्नावर लिही."

मंडपात शांतता. पोरगी हातात फूल घेऊन उभी. म्हणाली, "साहेब, बाबासाहेबांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्या वस्तीत किती जणांकडे रुपया होता?"

टाळ्या पडल्या नाहीत. सगळे नेत्यांच्या तोंडाकडे बघत होते. नेते हसले, पुढं सरकले. पण ती रात्र मला विसरता येत नाही. कारण गाईडनं मला जे विचारलं होतं, उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात जे विचारलं, तेच आपल्या मंडपात, आपल्या निळ्या झेंड्याखाली विचारलं गेलं. काय उपयोग? काय दिवे लावणार?

उपयोगाचा हा काटा आमच्याच बाजूला का लावला जातो? शेकडो वर्षं आमच्या माणसाची किंमत उपयोगावर झाली. गावानं विचारलं, हा मेलेलं ढोर ओढायच्या उपयोगाचा, ही झाडायच्या उपयोगाची. उपयोगाच्या पलीकडं माणसाला काही वाटू शकतं, हेच नाकारलं गेलं होतं. मग आम्हीच आमच्या पोरीला उपयोग विचारायचा? ज्या दिवशी आमची पोरगी कुणाच्याही उपयोगाचा नसलेला विषय घेऊन चार वर्षं मान खाली घालून बसेल आणि तिला कुणी हटकणार नाही, त्या दिवसाला मी थोडी समता आली म्हणेन.

सत्तरच्या दशकात वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरं जमायची. त्या खोल्यांतून मोर्चा निघाला आणि त्याच खोल्यांतून कविताही निघाली. एक हात दुसऱ्याला थांब म्हणाला नाही, म्हणून तर दोन्ही निघाले. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, ब्रश हातात धरला. संविधान लिहिणाऱ्या हाताला त्यांनी विचारलं नसावं की व्हायोलिनचा समाजाला काय उपयोग.

आता आमच्याही पाठीवर दोन फटके मारून घेतो, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. आपल्यात असेही फेलो आहेत ज्यांनी पैसे घेतले आणि प्रबंध बाजारातून आणला. प्रबंध लिहून देणारी दुकानं आहेत, कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. असेही आहेत ज्यांनी वस्तीवर प्रबंध लिहिला आणि पदवी मिळाल्यावर वस्तीचा पत्ता बदलला. ज्या बाईनं चार रविवार मुलाखत दिली तिला पुस्तकाची प्रतसुद्धा नाही. विषय निवडायचा हक्क आम्ही मागतो, तर त्या विषयाशी इमान राखायची जबाबदारीही आमचीच. हक्क तेवढा घ्यायचा आणि इमान गाईडच्या टेबलावर ठेवून यायचं, असं चालणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. विषयावर अट नको, इथंही नको, परदेशातही नको. तो नियम काढा. जखमेवर लिहू, ताऱ्यांवर लिहू, आमचं आम्ही बघू. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, मजुराची मजुरी अडवतात तसे अडवू नका. २०२२-२३ ला बंद केलेली अल्पसंख्याकांची फेलोशिप परत सुरू करा. आणि चळवळीतल्या वडीलधाऱ्यांनो, तुम्ही आम्हाला शाल देऊ नका. विहाराच्या मागची खोली द्या, एक ट्यूबलाईट द्या, रात्री दहानंतर कुलूप लावू नका.

खोली अजून मिळालेली नाही, पण बसायला सुरुवात केलीय. ठरवलंय की दर रविवारी एकानं आपला विषय वस्तीतल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायचा. पहिल्या रविवारी गाठीवाली उभी राहिली. तिनं सुताचा तुकडा घेऊन गाठी मारून दाखवल्या. समोर बाया बसल्या होत्या, त्यात माझी आई. आई म्हणाली, "इकडं आण." तुटलेला धागा जोडायची मागावरची गाठ तिनं अशी मारली की बोटं दिसली नाहीत. पोरगी म्हणाली, "मावशी, परत मारा." आईनं परत मारली. असं सात-आठ वेळा झालं. पोरीनं वहीत चित्र काढलं, खोडलं, परत काढलं.

मग आईनं विचारलं, "आणि तुझी गाठ सुटली नाही तर? आम्ही तर सरळ कापतो."

पोरगी म्हणाली, "मावशी, कापायचं नाही हाच तर आमचा नियम आहे."

आई बराच वेळ त्या सुताकडं बघत बसली. मग म्हणाली, "मग वेळ लागंल."

लागू दे. पुढच्या रविवारी कातकऱ्याची पाळी आहे. त्याची आई भट्टीवरून येणार आहे, हिशेब सांगायला.

जय भीम.